आंतरराष्ट्रीय संज्ञापन आणि शनिवारची खोली

गेल्या वर्षी जुलै महिन्यात मी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक हस्तलिखित कागद लावला. आंतरराष्ट्रीय संज्ञापन या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दर शनिवारी दुपारी दोन वाजता ग्रंथालयामागच्या खोलीत जमावे, एवढाच त्यातला मजकूर. संध्याकाळपर्यंत कोणीतरी त्याखाली पेन्सिलीने लिहून ठेवले होते, ‘पासपोर्ट आणावा काय?’

हा विनोद मला आवडला. कागद फलकावरून काढला तेव्हा ती ओळ मी जपून ठेवली. कारण त्यामागचा प्रश्न अगदी खरा आहे. पौड-पिरंगुटच्या बाजूने एस.टी.ने किंवा कुणाच्या दुचाकीवर मागे बसून येणाऱ्या, घरी भातलावणीची घाई असताना तास बुडवणाऱ्या आमच्यासारख्या मुलांचा ‘आंतरराष्ट्रीय’ गोष्टींशी संबंध काय? प्राध्यापकांपैकीही दोघातिघांनी हे मला निराळ्या, सभ्य शब्दांत विचारलेच. त्या सर्वांना एकदम उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

प्रथम शब्दाविषयी. ‘संज्ञापन’ हा शब्द बोजड खरा, पण नवा नव्हे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग ‘संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या’ याच नावाने ओळखला जातो, आणि तेथे १९६४ पासून पत्रकारितेचे शिक्षण दिले जात आहे. संज्ञापन म्हणजे एकाच्या मनातले दुसऱ्यापर्यंत पोहोचणे. मग ते बोलण्याने असो, छापून असो, की उपग्रहाने. ही देवघेव देशांच्या सीमा ओलांडते तेव्हा ती कोणत्या वाटेने जाते, ती वाट कोणाच्या मालकीची असते, आणि एका टोकाचा माणूस नेहमी बोलतच राहतो व दुसऱ्या टोकाचा नेहमी ऐकतच राहतो असे का होते, हे तपासणारा विषय तो आंतरराष्ट्रीय संज्ञापन. इंग्रजी फाडफाड बोलता येणे म्हणजे हा विषय नव्हे. सुरुवातीला आमच्यातल्या निम्म्यांचा तसा समज होता आणि त्यामुळेच ते पहिल्या दिवशी नवे शर्ट घालून आले होते.

वाटांचाच विचार करायचा तर आपला पुणे जिल्हा त्या बाबतीत मोठा भाग्यवान. १९२७ साली ब्रिटिश साम्राज्याच्या बिनतारी तारायंत्राच्या जाळ्यात हिंदुस्थान जोडला गेला, तेव्हा विलायतेकडे संदेश सोडणारे केंद्र खडकीला होते आणि तिकडून आलेले संदेश झेलणारे केंद्र दौंडला. पुढे १९७१ साली जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे प्रचंड तबकडी उभी राहिली. उपग्रहामार्फत परदेशांशी व्यापारी पातळीवर दळणवळण करणारे ते देशातले पहिले भूकेंद्र. म्हणजे खडकी, दौंड, आर्वी ही आपल्या रोजच्या ओळखीची गावे एकेकाळी जगाशी बोलण्याची दारे होती. यातले एकही नाव मला बी.ए.पर्यंत कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटले नाही, हे जाता जाता नोंदवतो.

आता याला जोडून दुसरी एक गोष्ट पाहा. खडकीहून विलायतेला संदेश जाऊ लागले त्याच १९२७ साली आपल्या मुळशीच्या धरणाच्या पाण्यावर कोकणात उतरून भिऱ्याचे वीजगृह चालू झाले आणि ती वीज मुंबईला गेली. त्याआधी, १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला होता. बावन्न गावांचा तो प्रश्न होता. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. लढा १९२४ पर्यंत चालून मोडला आणि जमीन पाण्याखाली गेली. जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातून साम्राज्याच्या राजधानीपर्यंत क्षणार्धात निरोप पोहोचत होता, आणि दुसऱ्या कोपऱ्यात जे चालले होते ते त्या तारेवर चढण्याचे काही कारणच नव्हते. यंत्र जवळ असणे आणि त्यात आपला शब्द असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला कुठल्याही ग्रंथातून कळले नाही. खोलीत भिंतीला जिल्ह्याचा नकाशा टांगला होता, त्यावर बोट फिरवताना कळले.

जगाने मात्र हा प्रश्न बराच उशिरा हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर जे देश स्वतंत्र झाले त्यांच्या लक्षात आले की, शेजारच्या देशाची बातमीसुद्धा आपल्याला लंडन, पॅरिस किंवा न्यूयॉर्कहून येते. रॉयटर, एएफपी, एपी आणि यूपीआय या मोजक्या वृत्तसंस्था जगाची बातमी ठरवत होत्या. म्हणून अलिप्त राष्ट्रांनी आपापल्या वृत्तसंस्थांची मिळून एक संयुक्त योजना आखली आणि तिच्यासाठी जुलै १९७६ मध्ये नवी दिल्लीत परिषद भरली. गरीब देशांचा आवाज जगाला ऐकू गेला पाहिजे, अशी तेथे मागणी झाली. मागणी योग्यच होती. पण ते साल कोणते, तर आणीबाणीचे! वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती. पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार संस्था त्याच वर्षी फेब्रुवारीत एकत्र बांधून त्यांची ‘समाचार’ नावाची एकच संस्था करण्यात आली होती. ती १९७८ साली पुन्हा सुटी झाली. जगाच्या दरबारात आवाज मागणारे सरकार घरात आवाज बंद करीत होते. आमच्या मंडळात या एका विषयावर तीन शनिवार गेले आणि तरी भांडण संपले नाही. एकीचे म्हणणे, दिल्लीत ढोंग होते म्हणून मागणी खोटी ठरत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, जो घरात बोलू देत नाही त्याने शेजाऱ्याच्या मोठ्या आवाजाची तक्रार करू नये. मी अध्यक्ष म्हणून दोन्ही बाजूंनी मान डोलावली. हे धैर्याचे लक्षण नव्हते.

याच वादातून युनेस्कोने आयर्लंडचे शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली सोळा जणांचा आयोग नेमला. भारताकडून पत्रकार बी. जी. वर्गीस त्यात होते आणि कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केसही. ‘अनेक आवाज, एक जग’ अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा अहवाल १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यावर पाश्चात्त्य देशांत बरेच वादळ उठले, आणि अमेरिका १९८४ अखेरीस व ब्रिटन १९८५ अखेरीस युनेस्कोतून बाहेर पडले, त्या नाराजीतही या वादाचा वाटा होता. आज अहवाल कपाटात आहे. ज्या प्रश्नासाठी तो लिहिला गेला तो प्रश्न कुठे गेला आहे, हे पाहण्यासाठी आम्ही एक साधा उद्योग केला. दोन आठवडे मराठी दैनिकांतल्या परदेशी बातम्या कापून वहीत चिकटवल्या. कोणाकडून आल्या ते शेजारी लिहायचे होते. पण पुष्कळ ठिकाणी गावाच्या नावापुढे फक्त ‘वृत्तसंस्था’ असे छापलेले! कोणती वृत्तसंस्था? वाचकाने विचारू नये असाच जणू रिवाज. मग त्याच दिवसाची इंग्रजी दैनिके शेजारी ठेवून मूळ शोधले, तेव्हा एपी, रॉयटर ही नावे पुन्हा पुन्हा भेटली. त्यांची इंग्रजी बातमी उपसंपादक रात्री घाईघाईने मराठीत उतरवतो आणि सकाळी ती आपल्याला आपलीच वाटते. हिंदीसाठी पीटीआयने १९८६ साली ‘भाषा’ ही सेवा काढली. मराठी उपसंपादकापुढे बहुधा इंग्रजीच असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या टेबलावर मी बसलो असतो तर मीही तेच केले असते.

आता मंडळाविषयी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपली संघटना करावी ही कल्पना काही आमची नव्हे. या विषयाची मोठी जागतिक संस्था, आयएएमसीआर या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी, १९५७ साली युनेस्कोच्या आश्रयाने स्थापन झाली. तिची परिषद १९८६ साली दिल्लीत आणि २०१४ साली हैदराबादेत भरली होती. या संस्थेत नवोदित संशोधकांचा स्वतंत्र विभाग आहे. त्याची गरज एम.ए.ला बसलेल्या कोणालाही पटेल. मार्गदर्शकाकडे पूर्ण झालेले प्रकरण न्यावे लागते. अर्धे, चुकलेले, मध्येच अडलेले लिखाण न्यायचे कोणाकडे? ते बरोबरीच्यांकडेच नेता येते. म्हणून आमच्या खोलीत हार-तुरे नाहीत, प्रमुख पाहुणे नाहीत. एकजण आपले अपुरे टिपण वाचतो आणि बाकीचे त्याला अडवतात. चहाचे पैसे ज्याचे टिपण सर्वांत कच्चे त्याने द्यायचे, असा नियम होता. पण तो माझ्याच अंगाशी येऊ लागल्याने मी रद्द करवला.

परदेशी विद्यार्थी आणि पुणे हे नातेही जुने आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी परदेशी विद्यार्थ्यांची आबाळ पाहून १९७१ साली ‘सिंबायोसिस’ची स्थापना केली. संस्थेचा जुना परिसर पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर, आणि पुढे मोठा परिसर उभा राहिला तो मुळशी तालुक्यातल्या लवळ्याच्या टेकडीवर. माध्यमे व संज्ञापन शिकवणारी तिची शाखाही आता तेथेच आहे. बापटांच्या नावाच्या रस्त्यावरून निघून संस्था त्यांनी जेथे सत्याग्रह केला त्या तालुक्यात आली! हे कोणी ठरवून केले नसणार. पण पिरंगुटहून त्या टेकडीकडे पाहताना मला ते दर वेळी आठवते. टेकडीवर अनेक देशांची मुले आणि पायथ्याशी आम्ही. मध्ये अंतर थोडे, पण एरवी गाठ पडत नाही.

गाठ पडली ती पुण्यातल्या एका परिसंवादात. तेथे इथिओपियाचा एक विद्यार्थी भेटला. नील नदीवरच्या त्यांच्या मोठ्या धरणाविषयी मी आमच्या वहीतल्या कात्रणांच्या आधारे त्याला काही विचारले. २०११ साली काम सुरू होऊन २०२५ साली उद्घाटन झालेले ते धरण. माझे इंग्रजी मध्येच अडखळले, त्याने पुण्यात शिकलेल्या हिंदीने सावरून घेतले. तो म्हणाला, तुमच्याकडच्या बातम्यांत आमचे धरण म्हणजे इजिप्तशी भांडण एवढेच असते. आमच्या घरी ते कसे बोलले जाते हे कोणी लिहीत नाही. मग त्याने विचारले, तुमच्या तालुक्यातही धरण आहे ना? त्याचे मला काय वाचता येईल?

मी राजेंद्र व्होरा यांच्या पुस्तकाचे नाव सांगितले. मुळशी सत्याग्रहावर त्यांनी आधी मराठीत लिहिले आणि २००९ साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्याच्या नावातच या लढ्याला धरणाविरुद्धची जगातली पहिली चळवळ म्हटले आहे. सत्याग्रहींपैकी एक असलेले विनायकराव भुस्कुटे यांनीही त्याचा इतिहास मराठीत लिहून ठेवलेला आहे. म्हणजे सत्याग्रह १९२१ चा, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगापुढे तो एवढ्या विस्ताराने आला जवळजवळ नव्वद वर्षांनी. पण मी सांगितली ती पुस्तके. माझ्या आजीच्या सासूचे माहेर त्या पाण्याखाली आहे, हे मी त्याला सांगितले नाही. का सांगितले नाही, याचा विचार मी परतीच्या बसमध्ये करीत होतो. ‘अभ्यासाचा विषय’ म्हटल्यावर घरातली गोष्ट त्यात बसते असे मला वाटलेच नव्हते.

पुढच्या शनिवारी मी हे मंडळात मांडले आणि मोठा वाद झाला. मी म्हटले, ज्यांच्या घरी धरणाच्या हकिकती आहेत त्यांनी त्या मराठीत, घरच्या बोलीत लिहून आणाव्यात. आमच्यातला सर्वांत हुशार म्हणावा असा मित्र उठून म्हणाला, “अरे, आधीच आपल्याला इंग्रजी येत नाही, त्यात तू आजीच्या गोष्टी लिहायला सांगतोस. नेटची परीक्षा, पुढचे प्रवेश सगळे इंग्रजीत. तुझ्या तत्त्वापायी आमचे वर्ष जायचे.” त्यानंतर तो आला नाही. त्याचे चुकले असे तेव्हा वाटले, आता वाटत नाही. घरची पाच एकरही नसलेल्या मुलाने नोकरीची भाषा आधी धरली तर त्याला दोष कसा द्यावा? शेवटी आम्ही एक मधली वाट काढली. हकीकत मराठीत, सांगणाऱ्याच्या शब्दांत. आणि तिच्यासोबत एक पानभर इंग्रजी सारांश, तोही सर्वांनी मिळून करायचा. गंमत अशी की, या सारांशाच्या निमित्ताने आमचे इंग्रजी जितके सुधारले तितके व्याकरणाच्या पुस्तकाने सुधारले नव्हते. हे मी त्या मित्राला सांगितले आहे. तो फक्त हसला.

पहिली हकीकत माझ्या आजीची. तिने सासूकडून ऐकलेले ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. सारांश करायला बसलो आणि पहिल्याच शब्दावर गाडी अडली. आजी त्या जमिनीला ‘बुडीत’ म्हणते. एकजण म्हणाला, पाण्याखाली गेलेली जमीन, त्याला इंग्रजीत शब्द आहे, सोपे आहे. तेवढ्यात वाणिज्य शाखेतून आमच्याकडे आलेली मैत्रीण म्हणाली, “पण बुडीत म्हणजे परत न येणारे कर्जसुद्धा.” आजीला कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे विचारायला मी घरी गेलो. ती म्हणाली, “दोन्ही एकच की रे.”

तो रकाना अजून कोराच आहे. येत्या शनिवारी पुन्हा त्यावर बसायचे ठरले आहे, वेळ दुपारी दोनचीच. ज्यांना यायचे त्यांनी यावे, पासपोर्टची गरज नाही.