यंत्राच्या हातीं लाल पेन्सील

गेल्या कार्तिकांत एके रात्रीं आमचा पुतण्या चि. मुकुंद जेवतां जेवतां पानावरून उठूं लागला, तेव्हां आमच्या मातोश्रींनीं त्यास हटकलें. "आजी, माझा पॅच नापास झाला," असें तो म्हणाला. तिशी ओलांडलेल्या, पुण्याच्या एका कंपनींत चांगल्या पगारावर असलेल्या मुलास आतां कोण नापास करतें, ह्याचें घरांत सर्वांनाच नवल वाटलें. आणि नापास करणारा मनुष्य नसून यंत्र आहे हें कळल्यावर तर तें अधिकच वाढलें. आम्हीं उभा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यांत घालविला. तेव्हां ह्या नव्या परीक्षकाची रीत समजून घ्यावी, अशी इच्छा होऊन पुढील दोन-तीन रात्री आम्ही मुकुंदाच्या शेजारीं बसलों. जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

संगणकाच्या पोटांत, इतर सर्व कार्यक्रमांच्या खालीं, एक मूळ कार्यक्रम अखंड चालूं असतो. त्यास कर्नेल म्हणतात. (सैन्यांतल्या कर्नलाशीं ह्याचें नातें नाहीं, मातोश्रींचा तसा समज बराच वेळ होता.) लिनक्स नांवाचा कर्नेल १९९१ सालीं हेल्सिंकी येथील लायनस टॉर्व्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें लिहावयास घेतला. आज अँड्रॉइड फोन त्यावर चालतात, आणि जगांतील सर्वांत वेगवान म्हणून गणले जाणारे ५०० च्या ५०० संगणक नोव्हेंबर २०१७ पासून त्यावरच चालत आले आहेत. त्याचा जो भाग एका यंत्राचें बोलणें दुसऱ्यास पोंचवितो, तो नेटवर्किंगचा. परगांवच्या मुलास पाठविलेले पैसे काय किंवा नातवाचा फोटो काय, सर्व त्याच वाटेनें जातें. ह्या वाटेवर खोट राहिली तर ती एका घरापुरती राहत नाहीं.

ह्या भागांत ज्याला कांहीं बदल सुचवावयाचा असेल, त्यानें तो ई-पत्रानें सर्वांसमक्ष पाठवावयाचा असतो. अशा एका बदलास पॅच म्हणतात. दुरुस्त्यांसाठीं 'नेट' व नव्या गोष्टींसाठीं 'नेट-नेक्स्ट' अशा दोन शाखा ठेविल्या आहेत. पत्र आलें कीं 'निपा' नांवाची यंत्रणा तें आपण होऊन उचलते व तपासावयास घेते. ह्या भागाच्या प्रमुख राखणदारांपैकीं याकुब किचिन्स्की ह्यांनीं ती उभारली. इंटेल कंपनीचा एक रोबॉटहि असेंच काम स्वतंत्रपणें करतो, आणि त्यानें दाखविलेली चूक दुरुस्त करतांना श्रेय म्हणून आपलें नांव लिहावें, अशी विनंती त्याच्या पत्रांत असते! आमच्या लाल पेन्सिलीचें असें श्रेय कोणीं दिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

सी भाषेंत लिहिलेला मजकूर कंपायलर यंत्राच्या भाषेंत उतरवितो. ह्या बांधणीसच बिल्ड म्हणतात. एकदां बांधणी साधली म्हणजे काम झालें, असें मात्र नाहीं. कर्नेलांत हजारों पर्याय आहेत. हा भाग घ्या, तो गाळा, अमुक भाग सुटा ठेवा. संगणक कोठें ६४ बिटांचे, कोठें अजून ३२ बिटांचे. कंपायलरहि जीसीसी व क्लँग असे दोन. पाणिनीच्या सूत्रपाठाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस ह्यांतली अडचण चटकन कळेल. वरच्या सूत्रांतील पद अनुवृत्तीनें खालीं उतरत जातें. म्हणून एके ठिकाणीं शब्द हलविला तर दहा सूत्रें पलीकडचें रूप बिघडतें, आणि हलविणाऱ्याच्या तें गांवींहि नसतें.

निपा निरनिराळ्या प्रकारें बांधणी करून पाहते, आणि तिची एक रीत आम्हांस विशेष आवडली. पॅच लावण्यापूर्वीं एकदां व लावल्यावर एकदां बांधणी करून ती दोन्ही वेळच्या चुका व इशारे मोजते, आणि पूर्वीं किती होते व ह्या पॅचानें किती झाले तें लिहून ठेवते. नवी सून घरांत आली म्हणून जुन्या छपराची गळती तिच्या माथीं मारावयाची नाहीं, एवढा न्याय यंत्रास कळतो.

मुकुंदाचे पॅच चार होते, एकामागून एक लावावयाचे. दुसऱ्यांत त्यानें बाइटांच्या ६४ बिटी बेरजेस लागलेल्या वेळानें भागून वेग काढला होता, आणि त्यासाठीं साधें भागाकाराचें चिन्ह वापरलें होतें. त्याच्या स्वतःच्या ६४ बिटी संगणकावर तें बिनतक्रार चाललें. ३२ बिटी यंत्रास एवढा मोठा भागाकार एका आज्ञेंत साधत नाहीं. म्हणून कंपायलर तेथें एका बाहेरच्या मदतनीस फंक्शनाला हांक मारतो, आणि कर्नेल तर तो मदतनीस घरांत ठेवीतच नाहीं. त्याचें स्वतःचें निराळें फंक्शन आहे, तें वापरावयाचें असतें. हांकेला ओ देणारा कोणी नाहीं, तेव्हां बांधणी मोडली. गंमत अशी, कीं चौथ्या पॅचांत तोच हिशेब नव्यानें लिहितांना मुकुंदानें योग्य तें फंक्शन वापरलें होतें. "काका, शेवटीं सगळें बरोबरच आहे ना?" तो चिडून म्हणाला.

हें वाक्य ऐकून आम्ही गप्प बसलों. पुष्कळ वर्षांपूर्वींची एक वही आठवली. एका हुशार विद्यार्थ्यानें रूपसिद्धि लिहितांना मधल्या पायरीवर भलतेंच सूत्र लाविलें होतें. शेवटचें रूप मात्र निर्दोष. आम्हीं घाईंत रूपाकडे पाहून पूर्ण गुण दिले. पुढें बाहेरच्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षेंत त्यानें तीच पायरी दुसऱ्या शब्दास लाविली आणि चारचौघांत त्याचें हंसें झालें. "गुरुजींनीं हें बरोबर दिलें होतें," असें तो म्हणाला, तेव्हां आम्ही तेथेंच बसलों होतों. पुढच्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. ही गोष्ट आम्हीं घरांत कधीं काढली नव्हती; त्या रात्रीं मुकुंदास सांगितली.

प्रत्येक पायरी आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे, ह्या नियमामागें रोकडा व्यवहारहि आहे. कर्नेलाच्या एका आवृत्तींत दहा हजारांहून अधिक बदल शिरतात. जुन्या आवृत्तींत नसलेला दोष नव्या आवृत्तींत दिसला, तर बदलांच्या यादीच्या मध्यावरचा कर्नेल बांधून पाहावयाचा. त्यांत दोष असला तर पहिला अर्धा भाग तपासावयाचा, नसला तर दुसरा. असें अर्धें-अर्धें करीत गेल्यास १६,३८४ बदलांतून गुन्हेगार १४ पायऱ्यांत सांपडतो. पण मध्यावर नेमका मुकुंदाचा दुसरा पॅच आला आणि तेथें बांधणीच होईना, तर कोठें तरी दूरदेशीं ३२ बिटी यंत्रापुढें रात्र जागविणाऱ्या अनोळखी मनुष्याचा शोध तेथेंच अडतो.

सुधारलेले पॅच मुकुंद त्याच रात्रीं पाठविणार होता. परंतु २४ तासांच्या आंत पुन्हा पाठवूं नयेत असा तेथील दंडक आहे. तसेंच, घरीं न तपासतां केवळ यंत्राकडून तपासून घेण्यासाठीं पॅच पाठविणेंहि निषिद्ध. त्यानें यंत्रणेवर नाहक भार पडतो, हें कारण तेथें दिलें आहे; दुसरें कारण शिक्षकांस सांगावयास नको.

दुसरी आवृत्ति गेली. ह्या वेळीं बांधणीचे सर्व रकाने हिरवे. एके ठिकाणीं ओळ ८० अक्षरांहून लांब झाली, एवढाच इशारा. मुकुंदानें आजीस पेढे आणूं का, असें विचारलें. सकाळीं जें उत्तर आलें तें मात्र यंत्राचें नव्हतें, मनुष्याचें होतें, आणि एकाच ओळीचें: दोन पॅकेटें एकाच क्षणीं आलीं व मधला काळ शून्य भरला, तर भागावयाचें कशानें? शून्यानें भागण्याची पाळी आली कीं कर्नेल तेथेंच कोसळूं शकतो. ३२ बिटी, ६४ बिटी, दोन्ही कंपायलर, कोणासहि त्यांत खोट दिसली नव्हती. कारण बांधणी खरोखरच निर्दोष होती. मुकुंद बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसला. पेढ्यांचा विषय त्यानें पुन्हा काढला नाहीं. तिसरी आवृत्ति परवां रात्रीं गेली आहे. अद्याप उत्तर आलेलें नाहीं.