परदेशात चांगलं जेवण कसं ओळखायचं?

मैत्रिणींनो, लेकीकडे सिंगापूरला गेलो आणि भाषा येत नाही म्हणून उपाशी राहिलो, असं व्हायला नको. तिथे रस्त्यावरच्या गाडेवाल्यांना सरकारने छपराखाली गाळे दिले. त्या जागेला हॉकर सेंटर म्हणतात. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डोसा, मलय भात, चिनी नूडल्स शेजारीशेजारी मिळतात. आधी गाळ्यावरची स्वच्छतेची श्रेणी बघायची. ‘ए’ सर्वांत वरची. मग तिथल्याच लोकांची रांग कुठे आहे ते बघायचं. शाकाहारी असलो तर विचारायचंच, कारण मलय सांबाल चटणीत बहुधा आंबवलेला जवळा असतो. या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोने २०२० साली वारशाचा मान दिला. जत्रेतल्या आपल्या गटाच्या स्टॉलवरही गिऱ्हाईक आधी स्वच्छताच बघतं, हे आपणही लक्षात ठेवू.