पांदण आणि पाषाण
(लेखमाला : पायवाटांचा देश, लेखांक सहावा)

मागच्या आठवड्यात आपण इंग्लंडातल्या रिजवे या वाटेच्या एका टोकाशी, एव्हबरीच्या शिलावर्तुळाजवळ थांबलो होतो. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास उभे केलेले ते धोंडे, त्यांच्यामधून चरणाऱ्या मेंढ्या आणि वर्तुळाच्या पोटातच वसलेलं गाव. आज तिथून थेट नालवाडीला यायचं आहे. देश बदलला तरी प्रश्न बदलत नाही. जुन्या खुणेपर्यंत साध्या माणसाने पायी पोचायचं तर वाट कुणाची, आणि ती राखायची कुणी?

वर्ध्याहून नागपूर रस्त्याला लागलं की शहर कुठे संपलं आणि नालवाडी कुठे सुरू झाली हे आता कळत नाही. ले-आउट पडले, घरं झाली, दुकानं आली. २५ डिसेंबर १९३२ ला विनोबा इथे राहायला आले तेव्हा ही शहराबाहेरची दलितांची वस्ती होती. विनोबांचे सहकारी गोपाळराव वाळुंजकर यांनी इथे मेलेल्या जनावरांचं कातडं कमावण्याचं चर्मालय चालवलं. ज्या कामाला गाव शिवत नव्हतं ते काम शिकायला सुशिक्षित माणूस वस्तीत येऊन बसला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१९३२ हे साल इंग्लंडातल्या पायी फिरणाऱ्यांनाही विसरता येत नाही. त्या वर्षी २४ एप्रिलला मँचेस्टरकडची शेकडो कामकरी तरुण मंडळी किंडर स्काउट नावाच्या माळपठारावर ठरवून चढली. पठार जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं. मारामारी झाली, धरपकड झाली आणि पाच जण तुरुंगात गेले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आठवडाभर गिरणीत राबणाऱ्याला रविवारी डोंगरावर चालता आलं पाहिजे. पुढे १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांची नकाशावर अधिकृत नोंद करणं स्थानिक कौन्सिलांवर सोपवलं गेलं, आणि २००० सालच्या कायद्याने उघड्या माळांवर मोकळं हिंडण्याचा हक्कही मिळाला. तिथे पायवाट शेताच्या मधून जात असेल तर शेतकऱ्याला ती नांगरता येते, पण पेरणीसाठी जमीन पहिल्यांदा मोडल्यापासून साधारण चौदा दिवसांत वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. कुंपण आलं तर ओलांडायला पायरी किंवा फाटक असतं, आणि खांबावर पिवळा बाण. एवढ्याशा बाणाने परका माणूस परक्याच्या शेतातून निर्धास्त जातो.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र समजू नका. प्रत्येक महसुली गावाचा नकाशा असतो आणि त्यात वाटा काढलेल्या असतात. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, तुटक एकेरी रेघ म्हणजे पायवाट. नकाशातल्या या पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. शेतात जायला वाट नसेल तर दुसऱ्याच्या धुऱ्यावरून वाट मागण्याची तरतूद जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमात आहे, आणि असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. म्हणजे कागद पक्का आहे. वावरात जाऊन पाहावं तर पांदण दरवर्षी हातभर आत सरकलेली असते. एका बाजूने तुरीची ओळ पुढे येते, दुसऱ्या बाजूने पराटी, मधे बाभळीचे काटे, आणि पावसाळ्यात गुडघाभर गारा. पांदण हा आपल्याकडे भांडणाचा आणि अर्जांचा विषय झाला. ती चालण्याचीही वाट आहे हे आपण विसरून गेलो, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

नालवाडी ते पवनार ही दीड-दोन तासांची चाल आहे. हिवाळ्यात, वाहनं वाढण्याच्या आत निघावं. पहिला थांबा गोपुरी. जमनालाल बजाज यांनी शेवटच्या दिवसांत गोसेवेला वाहून घेतलं ते इथे. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. इथलं गीताई मंदिर १९८० साली विनोबांच्या हस्ते खुलं झालं. त्याला छप्पर नाही, आत मूर्ती नाही. उभ्या ग्रॅनाइट शिळा ओळीने चालत जातात आणि त्यांच्यावर गीताईचे अठराही अध्याय कोरलेले आहेत. पहाटेच्या धुक्यात त्या शिळांमधून फिरताना मला दर वेळी एव्हबरी आठवतं. आभाळाखाली दगड उभे करायचे आणि त्यांच्यामधून माणसाने चालायचं, ही कल्पना माणसाला पुन्हा पुन्हा सुचत आलेली दिसते.

पुढे दत्तपूर. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली ती इथे. बाबा आमटेंनी या कामाचे पहिले धडे इथेच घेतले.

मग धाम नदी. १९३८ च्या मार्चमध्ये विनोबा नालवाडीहून पवनारला आले ते चालत नव्हे, मोटारीतून. सूतकताईच्या मजुरीवर जगण्याच्या प्रयोगात शरीर झिजून गेलं होतं. हवापालटाला डोंगरावर जाण्याऐवजी त्यांनी धामकाठचा जमनालालजींचा बंगला पसंत केला आणि व्यायाम म्हणून तिथल्या शेतात कुदळ धरली. सुरुवातीला दिवसाला पाच मिनिटं. शक्ती येत गेली तशी वेळ वाढत गेली, आणि त्या खणण्यातून मूर्ती वर येऊ लागल्या. त्यांतल्या एका शिल्पात विनोबांना राम-भरताची भेट दिसली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना ते म्हणाले होते की या भेटीचं चित्र कुणी काढलं तर ते किती पावन होईल. सहा वर्षांनी ते दगडातून समोर आलं. शिल्पातला प्रसंग नेमका कोणता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहींना त्यात कृष्णकथा दिसते. शिल्पं वाकाटक काळातली, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजे दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर असं मांडलं. रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननानंतर काही विद्वान तो मान मनसरला देतात. नागपूर विद्यापीठाने १९६७ साली पवनारला उत्खनन केलं तेव्हा मात्र वाकाटकांच्याही कितीतरी आधीची वस्ती खाली निघाली.

ही वस्ती आपल्याला आजच्या मुख्य गोष्टीकडे नेते. विदर्भातही शिलावर्तुळं आहेत, आणि थोडीथोडकी नाहीत. नागपूरजवळच्या जुनापाणीला सुमारे तीनशे आहेत. बुटीबोरीजवळ टाकळघाट-खापा, नागपूरच्या पश्चिमेला माहुरझरी, पेंचकाठी नायकुंड, आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातच खैरवाडा. काळ्या पाषाणाचे मोठाले गोटे गोलाकार मांडलेले, मधे दगडगोट्यांची आणि मातीची भर, आणि तिच्याखाली दफन. ही माणसं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. दफनात लोखंडाच्या कुऱ्हाडी आणि छिन्न्या मिळतात, काळी-तांबडी भांडी मिळतात, अकीक जातीच्या दगडांचे मणी मिळतात. काही ठिकाणी घोड्याची हाडं आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साज मिळाला आहे. मेलेल्या धन्याबरोबर घोडाही पुरला गेला. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. वखराची पास जिथे आज लोहाराकडे शेवटायला जाते, त्या मुलखात लोहारकाम किती जुनं आहे हे त्या भट्टीवरून समजतं.

जुनापाणीची वर्तुळं पहिल्यांदा खणली ती रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने. १८७९ साली त्याने त्यावर लेख लिहिला. या धोंड्यांवर ओळीने कोरलेल्या वाट्यांसारख्या खळग्या पाहून त्याला आपल्या मायदेशातले तसेच दगड आठवले, आणि दोन्हीकडचं साम्य त्याने आवर्जून मांडलं. दोन्ही लोकांचा एकमेकांशी संबंध होता असं आज कुणी मानत नाही. दोन्हींच्या काळात शतकांचं अंतर आहे. गावकरी मात्र ही वर्तुळं गवळ्यांच्या जुन्या तळांची म्हणून सांगत, अशी त्या काळातली नोंद आहे. गुरं घेऊन फिरणाऱ्यांची आठवण लोकांनी दगडांना चिकटवून ठेवली होती, आणि ती निराधार म्हणवत नाही, कारण वर्तुळं बांधणाऱ्यांतला मोठा भाग पशुपालकांचा असावा असं अनेक पुरातत्त्वज्ञांनाही वाटतं.

एव्हबरीला पायवाट नकाशावर असते, खांबावर बाण असतो, म्हणून तिथला शाळकरी पोरगाही धोंड्याला हात लावून येतो. आपल्याकडे वर्तुळाकडे नेणारी पांदण बुजली की वर्तुळ फक्त शेताच्या मालकाला दिसतं, आणि त्याला ते वखराला अडणारे गोटे वाटतात. ते तो धुऱ्यावर ढकलतो. कुठे ले-आउट पडतो, कुठे दगड फोडून गिट्टी होते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे त्या दगडांची चौकशी करत कुणी चालत आलेलंच नसतं.

जुनापाणीला जायचं तर सकाळीच जा. ऊन डोक्यावर आलं की खळग्या दिसत नाहीत, दगड सपाट वाटतो. सूर्य तिरपा असताना प्रत्येक खळगीत सावलीचा एकेक थेंब साचतो आणि ओळ आपोआप उमटते. तेवढ्या वेळात एका वर्तुळाला फेरी पूर्ण होते, फार तर दोन. पुढच्या आठवड्यात टाकळघाटला जाऊ.