मांजऱ्या खडकातील झिओलाइट

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पाया सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरत गेलेल्या लाव्हाच्या बेसॉल्टचा आहे. लेण्याद्रीची लेणी कोरलेला कातळ बेसॉल्टचाच, आणि विहीर खोदणारे ज्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात तो भोकाभोकांचा, ठिसूळ खडकही बेसॉल्टच. लाव्हा थिजताना सुटणारे वायू प्रवाहाच्या वरच्या भागात अडकले, त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्यांतून झिरपणाऱ्या गरम पाण्याने खडकातील सिलिका, ॲल्युमिना, कॅल्शियम व सोडियम विरघळवून पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकरूपाने बसवले. या स्फटिकांतील मोठा गट झिओलाइटांचा आहे.

पुणे जिल्ह्यातील बेसॉल्टमध्ये वारंवार भेटणारे झिओलाइट म्हणजे स्टिल्बाइट आणि ह्यूलंडाइट. स्टिल्बाइटचे स्फटिक मधोमध आवळलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना फुललेले, पांढरे किंवा फिकट गुलाबी असतात, आणि फोडलेल्या पृष्ठावर मोत्याची झाक दिसते. असे खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरले की ते फसफसते, ही नोंद स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी 1756 मध्ये केली. त्याचे कारण आतल्या रचनेत आहे: सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांचे अणू ऑक्सिजनच्या दुव्यांनी जोडले जाऊन एक जाळीदार सांगाडा तयार होतो, त्याच्या सूक्ष्म वाटांत पाणी राहते, आणि अनेक झिओलाइटांत हे पाणी तापवून काढले तरी सांगाडा ढासळत नाही. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आले की सांगाड्यावर ऋण भार येतो. तो भागवण्यासाठी वाटांत सैलपणे बसलेले सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन बाहेरच्या आयनांशी अदलाबदल करतात, आणि जड पाणी मृदू करण्याची युक्ती या आयन-विनिमयावरच उभी आहे.

निसर्गाची कृती कारखान्यात उतरवता येते, हे विसाव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड बॅरर आणि रॉबर्ट मिल्टन यांनी दाखवले. सोडियम सिलिकेट व सोडियम ॲल्युमिनेट यांची लापशी सुमारे 100 अंश सेल्सिअसवर काही तास ठेवली की ‘ए’ झिओलाइट मिळते, ज्याच्या छिद्रांची रुंदी सुमारे 0.4 नॅनोमीटर असते; ‘झेडएसएम-5’ या अधिक सिलिकायुक्त प्रकारासाठी मात्र बंद दाबपात्र, अधिक तापमान आणि प्रायः साच्याचे काम करणारा एखादा सेंद्रिय आयन लागतो, जो शेवटी जाळून टाकला जातो. या झिओलाइटच्या सुमारे 0.55 नॅनोमीटर रुंदीच्या वाटांतून पॅरा-झायलीनचा सडपातळ रेणू आपल्या भावंडांपेक्षा सहज निसटतो. पॅरा-झायलीन हा पॉलिएस्टरचा कच्चा माल असल्याने या निवडकपणाला बाजारात मोल आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी व सहकाऱ्यांनी ‘एन्सिलाइट’ ही झिओलाइट उत्प्रेरकांची मालिका घडवली आणि 1980 च्या दशकात ती बडोद्याच्या पेट्रोरसायन कारखान्यात झायलीनच्या प्रक्रियेसाठी वापरात आली. ही प्रयोगशाळा ज्या पाषाण रस्त्यावर आहे, त्या पाषाणच्या खाणींतील स्फटिक संग्राहकांत आधीपासून प्रसिद्ध होते, हा योगायोग मोठा सूचक आहे. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिजन यंत्रांतही हवेतील नायट्रोजन धरून ठेवणारे झिओलाइटच होते. धातू व सेंद्रिय दुवे यांच्या सच्छिद्र जाळ्यांना 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले असले, तरी तेल शुद्धीकरणाचा रोजचा भार आजही झिओलाइटच वाहत आहेत.

मग जुन्नरच्या विहिरींतील स्फटिक उद्योगाच्या कामी का येत नाहीत? ह्यूलंडाइटच्या सांगाड्याची रचना कोंबड्यांच्या खुराड्यात व मत्स्यटाक्यांत अमोनिया शोषण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लिनोप्टिलोलाइटसारखीच आहे. पण बेसॉल्टमध्ये ते पोकळीपोकळीत विखुरलेले असते, तर क्लिनोप्टिलोलाइटचे व्यापारी साठे मुख्यतः ज्वालामुखीय राख पाण्याशी अभिक्रिया करून बदलल्याने थरांच्या रूपात घडलेले असतात. तशी राख जुन्नर तालुक्यातही आहे: कुकडीकाठी बोरी येथे अश्मयुगीन हत्यारांसोबत सापडलेला राखेचा थर, ज्याला काही अभ्यासक सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जोडतात, तर काही तो बराच जुना मानतात. हा थर मात्र अजून मुख्यतः ज्वालामुखीय काचेच्या कणांचाच आहे, झिओलाइटचा साठा झालेला नाही.

त्यामुळे येथील झिओलाइटांचे खरे मोल कारखान्यापेक्षा भूविज्ञानात अधिक आहे, आणि ते मोल स्फटिक कोठून आला यावर ठरते. विहिरीच्या ढिगातून स्फटिक उचलणाऱ्याने आणि तो विकत घेणाऱ्यानेही गाव, खोली व खडकाचा थर यांची चिठ्ठी त्यासोबत अवश्य जोडावी.