सावडीचा उन्हाळा

नवा माठ आणला की पहिला दिवस तो पाण्यात बुडवून ठेवायचा आणि त्याला साबण कधीच लावायचा नाही, हे आईने शिकवलं. मातीची बारीक भोकं मोकळी राहिली पाहिजेत. त्यांतून पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी गार. गेल्या तीस उन्हाळ्यांत चाकणजवळच्या आमच्या निघोजे गावातलं जवळपास सगळं बदललं, ओट्यावरचा माठ तेवढा राहिला. म्हणून मागोवा त्याच्यापासून सुरू करते.

1990 च्या दशकात आमच्या उन्हाळ्याला पैसा फारसा लागायचा नाही, कारण लागणाऱ्या बहुतेक गोष्टी सामायिक होत्या. इंद्रायणी सगळ्यांची. विहीर एकाची असली तरी पोहणारी पोरं आळीभरची. पाठीला रिकामा डबा बांधून थोरला भाऊ पाण्यात ढकलून द्यायचा. बांधावरच्या रायवळच्या कैऱ्या मालकाला विचारून उतरवायच्या. त्यातल्या काही उकडून, गराच्या दुप्पट गूळ, मीठ आणि वेलची घालून पन्ह्याची बरणी भरायची. उरलेल्यांची गवतात अढी लावायची.

कुरडयांचा दिवस तर सणाचा. तीन दिवस पाणी बदलत भिजवलेले गहू वाटून चीक काढायचा, पहाटे चुलीवर शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने कुरडया घालायच्या. आज आमच्या अंगणात, उद्या शेजारच्या काकूंच्या. मजुरी कुणी दिली नाही, कुणी मागितली नाही. शेतातल्या अशा कामाला सावड म्हणतात. बायकांची वाळवणं म्हणजे तीच सावड. आम्ही पोरं कावळे हाकायचो आणि त्याबद्दल साखर घातलेला वाटीभर गरम चीक मिळायचा.

2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ आमच्या शिवारात महिंद्राचा आला. जमिनी गेल्या, पैसा आला, पोरं नोकरीला लागली. हे चांगलंच झालं. पण बांधावरचे आंबे बांधासकट गेले. अंगणांच्या जागी भाड्याच्या खोल्या उठल्या आणि कुरडया पिशवीतून विकत येऊ लागल्या. इंद्रायणीचं पाणी बिघडत गेलं, खाली आळंदीत त्यावर फेस दिसू लागला. आंद्रा धरणातून सोडलेलं पाणी निघोजे बंधाऱ्यातून उचलून चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेतात. पिंपरी-चिंचवडची तहान भागवणाऱ्या त्याच नदीत आमची पोरं पाय बुडवत नाहीत. पोहायचं म्हटलं की वॉटर पार्कचं तिकीट काढावं लागतं. उन्हाळा महाग झाला तो असा.

गावोगावच्या यात्रा मात्र फुकटच राहिल्या. चैत्र-वैशाखात खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळात घाटाच्या कडेला बसून बैलगाडे बघायला तिकीट नसतं. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा होता, अटी हव्यातच. पण मधल्या वर्षांत यात्रा सुनी वाटली, हेही खरं.

2020 चा उन्हाळा टाळेबंदीत गेला. कारखाने बंद, हातात पैसे नाहीत, गावी जायची सोय नाही, अशी कुटुंबं आमच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांत अडकली होती. दुपारी पत्र्यावर ओली पोती टाकायचो. बिहारच्या ताईंनी भाजलेल्या हरभऱ्याचं सत्तू पाण्यात कालवून मीठ घालून, लिंबू पिळून दिलं. यवतमाळच्या मावशींनी ज्वारीची आंबील केली. मी पन्ह्याची बरणी बाहेर काढली. घराघरांतून अंतर ठेवून तांबे फिरायचे. पैसे नसलेल्या त्या उन्हाळ्यात मला माझं लहानपण परत दिसलं.

टाळेबंदी संपली, ती देवघेव टिकली. आता आम्ही बायका दरवर्षी गच्चीवर कुरडया घालतो. गहू ज्याचे त्याने आणायचे, हात सगळ्यांचे. पोरांना घेऊन पहाटे देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जातो आणि ऊन तापायच्या आत परततो. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे राजगुरुनगरहून भीमाशंकरही परवडतं. दशम्या, चटणी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली घेतली की वाटेत काही विकत घ्यावं लागत नाही.

कमी पैशांत उन्हाळा गोड करायचा, तर काटकसर लागतेच. पण चार घरांनी मिळून जपलेली सावली, पाणी आणि चूल नसेल, तर एकट्याच्या काटकसरीने फार काही होत नाही. यंदा चोखून झालेल्या रायवळच्या कोयी आम्ही धुऊन वाळवून ठेवल्या आहेत. पाऊस पडला की रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत लावू. फळ धरायला सात-आठ वर्षं जातील. तेव्हा त्या झाडाखाली येणाऱ्या पोरांना कैरी पाडायला कुणालाच विचारावं लागणार नाही.