विश्लेषण : फर्मवेअर अपडेटने जुन्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस खरेच वेगवान होतो का?

दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे पुन्हा कपाटातून बाहेर निघत आहेत. तरुणांमध्ये त्यांची फॅशन आली आहे आणि सेकंडहँड बाजारात त्यांना भावही येऊ लागला आहे. मात्र फोनची सवय झालेल्या बोटाला या कॅमेऱ्यांचा पहिला अनुभव बहुधा एकच असतो. बटण दाबले, लेन्सने घुरघुर केली आणि फोटो निघेपर्यंत लहान मूल चौकटीबाहेर पळाले! मग कोणी तरी सांगते, ‘फर्मवेअर अपडेट कर, फोकस सुधारेल.’ हा सल्ला कधी बरोबर असतो आणि कधी निव्वळ थाप?

जुना कॅमेरा फोकस शोधत का बसतो?

बहुतेक जुने कॉम्पॅक्ट कॅमेरे ‘कॉन्ट्रास्ट डिटेक्शन’ पद्धतीने फोकस करतात. लेन्स थोडी सरकते, सेन्सरवरची प्रतिमा किती रेखीव झाली हे प्रोसेसर मोजतो, लेन्स पुन्हा सरकते, पुन्हा मोजणी होते. जुन्या रेडिओचे बटण फिरवून विविधभारती लावण्यासारखाच हा प्रकार. आवाज स्वच्छ होतो, बटण थोडे पुढे गेले की पुन्हा खरखर येते, तेव्हा कळते की स्टेशन मागे राहिले. कॅमेराही रेखीवपणाचा सर्वोच्च बिंदू ओलांडतो आणि मगच मागे वळतो. प्रकाश कमी असेल किंवा समोर कोरी भिंत असेल तर मोजण्यासारखे फारसे काही नसते आणि लेन्स नुसतीच पुढे-मागे करत राहते.

दुसरी पद्धत ‘फेज डिटेक्शन’. यात सेन्सरवरचे काही खास पिक्सेल लेन्सच्या दोन बाजूंनी येणारा प्रकाश वेगवेगळा पाहतात. त्या दोन प्रतिमांमधील अंतरावरून लेन्स कोणत्या दिशेला आणि साधारण किती सरकवायची हे लगेच समजते. असे पिक्सेल मुख्य सेन्सरवरच बसवलेला पहिला कॉम्पॅक्ट कॅमेरा फुजीफिल्मने २०१०मध्ये आणला, तो म्हणजे ‘फाइनपिक्स एफ३००ईएक्सआर’. फोनमध्ये हे तंत्र २०१४च्या सुमारास रुळले. सॅमसंगच्या ‘गॅलेक्सी एस५’मध्ये ते होते आणि त्याच वर्षीच्या ‘आयफोन ६’मध्ये ॲपलने त्याला ‘फोकस पिक्सेल्स’ असे नाव दिले. आपला फोन फोकस झटकन पकडतो, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

यात फर्मवेअरचे काम काय?

फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आत कायम बसवलेली आज्ञावली. लेन्सची मोटर किती वेगाने फिरवायची, एका वेळी किती सरकवायची, फोकस ‘लागला’ असे कधी मानायचे, हे सारे तीच ठरवते. हे निर्णय सुधारले तर मोटर तीच, सेन्सर तोच असूनही वेळ वाचू शकतो.

याचे सर्वात बोलके उदाहरण फुजीफिल्मच्याच ‘एक्स१००’चे आहे. २०११मध्ये बाजारात आलेला हा देखणा, सुमारे १२०० डॉलरचा कॅमेरा. चित्राच्या दर्जाबद्दल त्याची वाहवा झाली आणि संथ फोकसबद्दल तेवढीच टीका. साधारण ८० सेंटिमीटरच्या आतल्या वस्तूवर फोकस करायचा तर मॅक्रो मोड लावावा लागे. म्हणजे टेबलापलीकडच्या माणसाचा फोटो काढतानाही अडचण. कंपनी अधूनमधून अपडेट देत राहिली. जानेवारी २०१३मध्ये ‘एक्स१००एस’ हा वारसदार जाहीर झाला, तेव्हा जुन्या मॉडेलकडे आता कोण पाहणार, असेच वाटावे अशी स्थिती होती. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जुन्या ‘एक्स१००’साठी २.०० ही आवृत्ती आली. ऑटोफोकस सुमारे २० टक्के वेगवान झाल्याचे आणि मॅक्रो मोड न लावता जवळचा फोकस सुमारे ३० टक्के अधिक जवळून लागत असल्याचे कंपनीने सांगितले. शिवाय हाताने फोकस करणाऱ्यांसाठी वस्तूच्या कडा उजळून दाखवणारी ‘फोकस पीकिंग’ सोय मिळाली. ज्याची विक्री संपत आली आहे अशा वस्तूवर कंपनीने मेहनत घ्यावी, हे या धंद्यात दुर्मीळच.

मग मर्यादा कुठे येते?

त्याच उदाहरणात मर्यादाही दिसते. नव्या ‘एक्स१००एस’च्या सेन्सरवर फेज डिटेक्शनचे पिक्सेल होते आणि ०.०८ सेकंदात फोकस होत असल्याचा कंपनीचा दावा होता. जुन्याला कितीही अपडेट दिले तरी ते पिक्सेल कुठून येणार? सोनीच्या ‘आरएक्स१००’ मालिकेचेही तसेच. चौथ्या मॉडेलपर्यंत कॉन्ट्रास्ट डिटेक्शन होते. २०१६च्या पाचव्या मॉडेलमध्ये ३१५ फेज डिटेक्शन बिंदू आले आणि दावा ०.०५ सेकंदांवर पोहोचला. चौथे मॉडेल घेऊन बसलेल्याला हा लाभ कोणतीही फाइल देऊ शकत नाही. (असे दावे कंपनीने स्वतःला सोयीच्या स्थितीत मोजलेले असतात; लग्नाच्या हॉलमधील मिणमिणत्या दिव्यांत तो आकडा दिसेलच असे नाही.)

त्यातही महागड्या मॉडेलना अपडेट मिळतात. आठ-दहा हजारांत विकल्या गेलेल्या साध्या कॅमेऱ्यांपैकी अनेकांना ऑटोफोकसचे एकही अपडेट कधी आले नाही. कॅननच्या जुन्या पॉवरशॉटसाठी हौशी मंडळींनी ‘सीएचडीके’ नावाची आज्ञावली तयार केली आहे. ती मूळ फर्मवेअर न पुसता मेमरी कार्डावरून चालते आणि अनेक मॉडेलमध्ये रॉ फोटोसारख्या सोयी देते. पण त्यानेही लेन्सची मोटर काही बदलत नाही.

अपडेट करताना काय सांभाळावे?

आधी कॅमेऱ्यातली सध्याची आवृत्ती पाहावी. ती बहुधा मेन्यूत ‘व्हर्जन’ या नावाखाली असते. फुजीत ‘डिस्प/बॅक’ बटण दाबून ठेवून कॅमेरा सुरू केला की दिसते. मग कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्याच मॉडेलची फाइल शोधावी आणि त्यात नेमके काय बदलले आहे ते वाचावे. फक्त मेन्यूतल्या भाषेची दुरुस्ती असेल तर फोकससाठी आशा धरण्यात अर्थ नाही.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली किंवा कॅमेरा बंद केला तर तो कायमचा निकामी होऊ शकतो आणि इतक्या जुन्या कॅमेऱ्याला वॉरंटी उरलेली नसते. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे आणि फाइल कोणत्याही फोल्डरमध्ये न टाकता थेट कार्डावर ठेवावी. फोनवर तीच फाइल दोनदा डाउनलोड झाली की नावापुढे कंसात १ लागतो, मग कॅमेरा तिला ओळखत नाही. खूप जुन्या कॅमेऱ्यांना ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे चालत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. काही मॉडेलमध्ये कार्डाऐवजी संगणकाला केबल जोडूनच अपडेट होते.

अपडेटच नसेल तर?

शटरचे बटण अर्धे दाबावे. फोकस आधीच लागून राहतो आणि नेमक्या क्षणी उरलेले अर्धे दाबले की फोटो जवळपास लगेच निघतो. फोनवर ही सवय मोडली आहे. जुन्या कॅमेऱ्यावर ती पुन्हा लावून घ्यावी लागते. फोकसचा बिंदू मध्यभागी एकच ठेवावा आणि चेहऱ्याऐवजी शर्टाची कॉलर, चष्म्याची दांडी अशा ठळक कडेवर तो धरावा. झूम कमी ठेवला तर लेन्समधून अधिक प्रकाश येतो.

सेकंडहँड कॅमेरा घेताना तर विक्रेत्यासमोरच चाचणी करावी. एकदा खिडकीजवळ, एकदा खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, झूम पूर्ण बाहेर काढून आणि पूर्ण आत घेऊन. उजेडातही लेन्स दर वेळी चाचपडत असेल किंवा आतून टकटक आवाज येत असेल तर बिघाड मोटरचा असण्याची शक्यता जास्त, आणि तो अपडेटने दुरुस्त होत नाही.