ड्रमच्या आत काय अडकतं?

भोर-वेल्ह्याकडे जुनी गाडी अडून बसण्याचा एक ठरलेला हंगाम असतो. जूनमध्ये पत्र्याच्या शेडखाली लावलेली फियाट खंडेनवमीच्या आधी धुण्यापुसण्यासाठी बाहेर काढायची असते. बॅटरी चार्ज करून आणली की इंजिन सुरूही होतं. पण गिअर टाकून क्लच सोडला की गाडी मागून जरा दबते आणि बंद पडते. चाक फिरतच नाही. कधी याच्या उलट घडतं. गाडी निघते, कापूरहोळपर्यंत नीट जाते, मग जड होऊ लागते, एका चाकातून जळका वास येतो आणि रस्त्याकडेला अर्धा तास थांबवली की पुन्हा मोकळी होते. पहिल्या दुखण्यात माणूस निदान गाडी उघडून बघतो. दुसऱ्यात ‘आता चालतेय’ म्हणून पुढे जातो. म्हणून दुसरं जास्त धोक्याचं.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ या नावाने निघू लागली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस गेली. घरगुती पद्मिनी मात्र अजून आहेत, आणि त्यांच्या जोडीला विलिसच्या वंशातल्या महिंद्राच्या जुन्या जीप. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांनी वडापला वापरल्या त्या या जीप. त्यांचेही चारही ब्रेक ड्रमचेच.

डिस्क ब्रेकच्या सवयीने ड्रमकडे बघणारे त्याला मागासलेला ठरवतात. ते मला पटत नाही. ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात. पॅडल दाबलं की व्हील सिलेंडरमधले पिस्टन त्यांना बाहेर ढकलतात आणि शूवरचं लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतं. फिरणारा ड्रम त्यातल्या पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढून आणखी घट्ट बसवतो. म्हणजे ब्रेक लावण्याचं थोडं काम गाडीचा वेगच करतो, आणि त्यामुळेच बूस्टर नसलेली भरलेली गाडी पायाच्या जोरावर थांबते. लुई रेनॉने १९०२ च्या सुमारास ड्रम ब्रेक गाडीला बसवला. तेलाच्या दाबावर चारही चाकं एकदम थांबवणारा ब्रेक माल्कम लॉकहीडच्या शोधातून ड्यूझेनबर्ग गाडीत १९२१ मध्ये आला. पद्मिनीच्या ब्रेकची रचना मुळात तीच आहे.

शू बाहेर ढकलायला तेलाचा दाब असतो, परत आणायला मात्र फक्त स्प्रिंगा. ब्रेक धरून राहण्याच्या बहुतेक तक्रारी या परतीच्या वाटेवर उगवतात. म्हणून ‘ब्रेक जाम झालाय’ असं कोणी म्हणालं की लायनर, सिलेंडर, किट असा सामान आणायचा कागद लिहायला घेऊ नये. आधी एकच गोष्ट शोधायची: परतीची वाट कुठे अडली आहे, तेलात की लोखंडात?

याचा निकाल एका पान्यावर लागतो. चाकांना दगड लावून गाडी जॅकवर घ्यावी, खाली भक्कम ठोकळे द्यावेत, गिअर न्यूट्रल ठेवावा. कोणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगावं. चाक धरून राहिलं की त्या चाकाचा निपल, म्हणजे आपण हवा काढतो तो, जरासा सैल करावा. तेलाची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर दाब तेलात अडकला आहे. तेल नुसतं ठिबकलं आणि चाक तसंच राहिलं तर दोष ड्रमच्या आत, लोखंडात आहे. एवढी चाचणी न करता मास्टर सिलेंडर बदलणाऱ्याला मी चांगला मिस्त्री म्हणणार नाही, मग त्याचा हात कितीही चपळ असो.

दाब तेलात अडकला असेल तर निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबायचा आणि आता होज पाइपच्या अलीकडचा, चासीकडचा जोड सैल करायचा. तरीही चाक सुटलं नाही तर दोष होजमध्ये. रबराचा होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण वर्षानुवर्षांच्या तेलाने आतून फुगतो. पायाच्या जोराने तेल त्यातून चाकाकडे जातं, स्प्रिंगच्या बेताच्या जोराने परत येत नाही. चासीकडचा जोड सोडल्यावर चाक सुटलं तर मात्र मास्टर सिलेंडरकडे वळायचं, विशेषतः चारही चाकं धरत असतील तर.

मास्टर सिलेंडरमध्ये टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं. पॅडल पूर्ण सुटलं, पिस्टन पूर्ण मागे आला, की हे भोक उघडतं आणि जास्तीचं तेल टाकीत परत जातं. पॅडलला मोकळीक ठेवली नसेल तर पिस्टन केसभर पुढेच राहतो आणि भोक झाकलेलं राहतं. विलिस जीपला पॅडलची साधारण अर्धा इंच मोकळीक सांगितलेली आहे, ती याचसाठी. ब्रेक ‘वर लागावा’ म्हणून दांडा फिरवून ही मोकळीक संपवून टाकणारे पुष्कळ आहेत. मग काय होतं ते कापूरहोळच्या रस्त्यावर दिसतं. चाक थोडं घासतं, तापतं, उष्णतेने तेल फुगतं. त्याला टाकीकडे जायला वाट नसते, म्हणून ते शूला आणखी दाबतं. चाक आणखी तापतं. गाडी थांबवली की तेल थंड होऊन आकसतं आणि दाब ओसरतो. त्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीने गाडी बरी होते ती एवढ्याचसाठी. दुखणं जिथल्या तिथे असतं.

जीपचा मास्टर सिलेंडर पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूला असतो. वेल्ह्याच्या भातखाचरांमधल्या चिखलवाटा आणि ओढे उतरून गेलेल्या जीपमध्ये पॅडलच्या सांध्यातच माती आणि गंज बसतो. तिथे पायाच्या बोटाने पॅडल वर उचललं आणि ब्रेक सुटला, तर सिलेंडरला हात लावायचीही गरज नाही. या जीपचा हॅन्डब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या लहान ड्रमवर, प्रोपेलर शाफ्टला धरतो. तो अडकला की मागची दोन्ही चाकं अडल्यासारखी वाटतात आणि चाकांचे ड्रम उघडून बसलेल्याला आत काहीच सापडत नाही.

आता लोखंड. पावसाळ्यात ओल्या लायनरनिशी, हॅन्डब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचा ड्रम गंजतो आणि लायनर त्या गंजाला चिकटून बसतं. अशा वेळी इंजिनचा जोर लावून हिसका देऊ नये. लायनर शूपासून सुटून ड्रममध्ये आडवं पडतं आणि मग चाक पुरतं अडकतं. अ‍ॅडजस्टर मागे घ्यावा, ड्रमच्या कडेला लाकडी हातोड्याने सगळीकडून ठोकावं, मग ड्रम ओढावा. जुन्या ड्रमच्या कडेला झिजेने वर राहिलेली कडी असते. अ‍ॅडजस्टर मागे घेतला नाही तर शू तिच्यात अडकतात. आतली धूळ तोंडाने फुंकू नये, हवेच्या नळीने तर मुळीच उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. पाण्याने भिजवून ओल्या फडक्यानेच ती पुसावी.

ड्रम निघाला की सगळ्यांचं लक्ष व्हील सिलेंडरकडे जातं, आणि तेही चुकीचं नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ तेल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. त्यातलं पाणी खाली साचून सिलेंडरला आतून गंज चढतो आणि पिस्टन अडकतो. गंज वरवरचा असेल तर बारीक पॉलिश पेपर आणि नवं किट पुरतं. खड्डे पडले असतील तर सिलेंडर बदलावा किंवा स्लीव्ह मारून घ्यावी. धुताना पेट्रोल किंवा डिझेल वापरण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडायला हवी. त्याने वॉशर फुगतात. टाकीत कोणी चुकून इंजिन ऑइल ओतलं असेल तर एकूण एक रबर, होजसकट, काढून टाकण्यावाचून इलाज नाही. धुवायला स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल.

ज्याकडे फार कमी जण बघतात ती जागा म्हणजे बॅक प्लेट. शूची कड तिच्यावरच्या उंचवट्यांवर पुढेमागे सरकते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने तिथे खाच पडते आणि शू बाहेर गेला की त्या खाचेत अडकून राहतो. नवा सिलेंडर, नवं लायनर, नव्या स्प्रिंगा घालूनही ब्रेक धरत असेल तर बोटाचं नख या उंचवट्यांवरून फिरवावं. खाच लागली तर वेल्डिंगने भरून कानशीने सपाट करावी आणि उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. पन्नास वर्षांच्या गाडीत हा दोष मला सर्वात खरा वाटतो. तो वापरातून आलेला असतो आणि कुठल्याही किटच्या डबीत त्याचं औषध मिळत नाही. स्प्रिंगाही याच वेळी बघाव्यात. त्यांचे वेढे एकमेकांना चिकटलेले असले पाहिजेत, उष्णतेने निळसर पडलेली किंवा सैल झालेली स्प्रिंग परत घालू नये.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत शोधता येतात. पण जुने शू चांगले असतील तर त्यांवरच लायनर मारून घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण त्या शूची बैठक त्या गाडीला माहीत असते. लायनरची गोलाई ड्रमला जुळली पाहिजे. ड्रम लेथवर घ्यावा लागला तर कमीत कमी घ्यावा. पातळ झालेला ड्रम लवकर तापतो, आणि आपल्या तालुक्यांत हे परवडत नाही. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट, वेल्ह्याहून पानशेतच्या बाजूला जाणारा पाबे घाट, या दोन्ही उतारांवर चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि ब्रेक दाबून न ठेवता अधूनमधून लावायचा, ही शिस्त ड्रमच्या गाडीला लागतेच.

दुरुस्तीनंतरची चाचणी घाटात करू नये. भोर ते कापूरहोळ हा रस्ता पुरेसा आहे. शक्य तेवढे कमी ब्रेक वापरत जावं, मोकळ्या जागी गाडी आपोआप मंदावू द्यावी आणि उतरून चारही ड्रमजवळ हाताची पाठ न्यावी. हात लावू नये, पोळेल. चारही चाकांची ऊब सारखी, बेताची असावी. एकच चाक गरम असेल तर त्या चाकाचा होज, सिलेंडर, बॅक प्लेट पुन्हा बघायचे, आणि बेअरिंगही. आवळलेलं बेअरिंग ब्रेकसारखंच तापतं. चारही गरम असतील तर पुन्हा पॅडलच्या मोकळिकीकडे. पुढच्या मे महिन्यात तेल बदलावं, आणि पावसाळ्यात गाडी उभी करताना हॅन्डब्रेक न ओढता पहिला गिअर टाकून चाकांना दगड लावावेत. आठवड्यातून एकदा तिला अंगणात हातभर पुढेमागे ढकललं तरी लायनर चिकटत नाही.